मळसूत्राच्या पोटात काय चालते?

आजच्या विषयाचे शास्त्रीय नाव मोठे अवघड आहे. 'मळसूत्री यंत्रातून वाहणाऱ्या बहुवारिकांच्या प्रवाहाचे संगणकीय अनुकरण' असे ते जसेच्या तसे सांगितले, तर श्रोत्यांपैकी निम्मे उठून जातील आणि उरलेले निम्मे केवळ सभ्यतेपोटी बसून राहतील, अशी आम्हांस धास्ती वाटते. म्हणून प्रारंभीच सांगतो की, नाव अवघड असले तरी वस्तू ओळखीच्या आहेत. गच्चीवरच्या टाकीतून मोरीत पाणी आणणारा प्लॅस्टिकचा नळ, विजेच्या तारेवरचे रंगीत वेष्टन, दुधाची पिशवी, शेतातील ठिबक सिंचनाची काळी नळी, रुग्णाच्या हाताला लावलेली सलाइनची नळी, या साऱ्या वस्तू एकाच जातीच्या यंत्रातून बाहेर पडलेल्या असतात. त्या यंत्राला एक्स्ट्रूडर म्हणतात. त्याच्या पोटात काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही. मग माणसाला ते कळले कसे, आणि ते कळून घेण्याच्या कामी संगणकावर किती भरवसा ठेवावा, हा आजचा प्रश्न आहे.

दिवाळीच्या आधी घरोघर बाहेर निघणाऱ्या सोऱ्यापासून आरंभ करू. सोऱ्यात भिजवलेले पीठ भरावयाचे, वरून दांडा फिरवावयाचा, आतील चकती खाली सरकते आणि तळच्या ताटलीतून चकली पडते. ताटलीचे भोक चांदणीचे असेल तर चकली, बारीक गोल भोके असतील तर शेव. प्लॅस्टिकच्या यंत्राचे तत्त्व याहून फार निराळे नाही. परंतु सोऱ्याच्या दोन अडचणी आहेत. एक तर पीठ आधीच कोणीतरी मळून द्यावे लागते, आणि दुसरे असे की, पीठ संपले की थांबून पुन्हा भरावे लागते. मैलभर नळी अखंड काढावयाची तर असे थांबून चालणार नाही. यावरची तोड म्हणजे मळसूत्र. पितळी सोऱ्याच्या दांड्यालाही आटे असतात हे खरे, पण ते पिठाला शिवत नाहीत. ते केवळ चकती खाली रेटतात. एक्स्ट्रूडरमध्ये मळसूत्र स्वतःच मालात बुडालेले असते. दाणे पुढे नेणे, ते वितळवणे, वितळलेला रस एकजीव करणे आणि तो दाबाने साच्यातून बाहेर काढणे ही चारही कामे ते एकटे करते.

यंत्राची रचना सांगावयाची तर अशी. पोलादाचे एक आडवे, जाड नळकांडे. त्याच्या आत जेमतेम बसेल असे लांब मळसूत्र. त्याची लांबी त्याच्या व्यासाच्या पंचवीस-तीस पट. एका टोकाला, पाभरीच्या चाड्यासारखे, वरून दाणे पडण्याचे चाडे. नळकांड्याभोवती विजेचे तापक. दुसऱ्या टोकाला ज्या आकाराची वस्तू हवी त्या आकाराचा साचा. मळसूत्राच्या दोन आट्यांमध्ये जो चर असतो तो चाड्याखाली खोल आणि साच्याकडे उथळ असतो. कारण चाड्याखाली सुटे दाणे असतात, त्यांच्यामध्ये हवा असते, त्यांना जागा अधिक लागते. तेच वितळले की थोड्या जागेत मावतात.

हे यंत्र एका दिवसात जन्मले नाही. १८४५ साली इंग्लंडमध्ये गट्टापर्चा नावाचा झाडाचा चीक दट्ट्याने दाबून बाहेर काढणारी यंत्रे आली, म्हणजे एका अर्थी मोठा सोऱ्याच. समुद्राखालून तारायंत्राची तार टाकावयाची तर तिच्यावर पाणी न शिरणारे वेष्टन हवे, ही त्या काळची निकड होती. १८५० साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये जी तार समुद्रातून टाकली गेली, तिच्यावर गट्टापर्चाचेच वेष्टन होते. १८७९ साली मॅथ्यू ग्रे यांनी इंग्लंडमध्ये मळसूत्राच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे रबराच्या धंद्यात ते रुळले. १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे गिब्सन व फॉसेट यांना पॉलिएथिलीनचा शोध लागला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचा जो पूर आला त्याबरोबर एक्स्ट्रूडरही जगभर पसरला. यंत्र आधी चालू लागले; ते का चालते हे समजावयाला पुष्कळ वर्षे गेली.

माल पुढे का जातो?

प्रश्न पोरकट वाटेल. मळसूत्र फिरते म्हणून माल पुढे जातो, असे आपण सहज म्हणू. पण एक नट आणि बोल्ट हाती घ्या. बोल्ट फिरवा आणि नट मोकळा सोडा. नट बोल्टबरोबर जागच्या जागी गरगर फिरेल, तसूभरही पुढे सरकणार नाही. आता तोच नट दोन बोटांनी धरून बोल्ट फिरवा. नट चालू लागतो. म्हणजे नटाला पुढे नेणारी खरी शक्ती बोल्ट फिरण्यात आहे तितकीच बोटांच्या धरण्यात आहे. एक्स्ट्रूडरमध्ये ही बोटे म्हणजे नळकांड्याची आतील भिंत. माल भिंतीला धरून राहिला आणि मळसूत्रावरून घसरला, तरच तो पुढे जातो. उलट तो मळसूत्राला चिकटून बसला आणि भिंतीवरून घसरला, तर दिवसभर मोटार फिरेल आणि साच्यातून काहीही बाहेर पडणार नाही. सुट्या दाण्यांपुरते हे गणित डार्नेल आणि मॉल यांनी १९५६ साली मांडले. यामुळेच दाण्यांचे पोलादाशी घर्षण किती, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर सारा कारभार अवलंबून असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येणार आहे.

दाणे वितळल्यावर हिशेब थोडा बदलतो. चिकट रस भिंतीला धरतो आणि तिच्याबरोबर ओढला जातो. याला ओढप्रवाह म्हणू. परंतु पुढे अरुंद साचा आहे, तेथे दाब साचतो, आणि तो दाब रसाला चरातून मागे लोटू पाहतो. याला परतप्रवाह म्हणू. हाती येणारा माल म्हणजे या दोहोंची वजाबाकी. दाट तेलाच्या मळसूत्री पंपासाठी असे गणित रोवेल व फिनलेसन यांनी १९२२ सालीच केले होते. प्लॅस्टिकसाठी ते कार्ली, मॅलूक आणि मॅकेल्व्ही यांनी १९५३ साली सोपे करून मांडले.

या वजाबाकीत एक गंमत आहे. ओढप्रवाह चराच्या खोलीच्या प्रमाणात वाढतो, तर परतप्रवाह खोलीच्या घनाच्या प्रमाणात. उदाहरण घेऊ. मळसूत्राचा व्यास ६० मिलिमीटर आहे, ते मिनिटाला ६० फेरे घेते, साच्याकडील चराची खोली ३ मिलिमीटर आहे आणि साच्याशी दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट आहे. रस पाण्याच्या दहा लाख पट दाट धरला, तर ओढप्रवाह सेकंदाला सुमारे १३.७ घन सेंटिमीटर आणि परतप्रवाह सुमारे १.४ घन सेंटिमीटर येतो. हाती राहिले १२.३. आता कोणी म्हणाले, चर दुप्पट खोल करा, माल दुप्पट मिळेल. करून पाहू. ओढप्रवाह दुप्पट, म्हणजे २७.५ झाला, पण परतप्रवाह आठपट होऊन ११.६ वर गेला. हाती राहिले १५.९. दुप्पट कोठले, दीडपटसुद्धा नाही! हावरेपणाने चर तिप्पट खोल केला तर? ओढप्रवाह ४१.२ आणि परतप्रवाह सत्तावीस पट होऊन ३९.२. हाती उरले अवघे २. पोलादाचे मळसूत्र कातून घ्यावयाला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. ते कातल्यानंतर हे कळण्यापेक्षा कागदावर आधी कळलेले बरे, हे सांगावयास नकोच.

गणित फसते कोठे?

एवढे जर कागद-पेन्सिलीने होते, तर संगणक कशाला हवा? कारण वरचे गणित आम्ही एक लबाडी करून सोडवले आहे. रसाचा दाटपणा सर्वत्र सारखा आहे असे आम्ही धरून चाललो. वस्तुतः तो तसा नसतो.

पॉलिमर म्हणजे बहुवारिक. एकच लहान रेणू हजारो वेळा जोडून झालेली लांबच लांब साखळी. वितळलेले प्लॅस्टिक म्हणजे अशा साखळ्यांचा, शिजलेल्या शेवयांसारखा, गुंता. हा गुंता हळू ओढला तर अडतो. जोराने ओढला तर साखळ्या प्रवाहाच्या दिशेने लागतात आणि रस पातळ होतो. पाण्याचे असे होत नाही. अशा द्रवांचा अभ्यास हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे आणि आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यात काम केले आहे. आमच्या उदाहरणातील यंत्रात चरामध्ये रस जितक्या वेगाने कातरला जातो, त्याच्या सुमारे पन्नास पट वेगाने तो आट्याचा माथा आणि भिंत यांमधील केसभर फटीत कातरला जातो. एकाच यंत्रात, हाताच्या अंतरावरसुद्धा नव्हे तर बोटाच्या अंतरावर, तोच रस कोठे दाट तर कोठे पातळ असतो.

त्यात उष्णतेची भर. प्लॅस्टिक उष्णतेचे मोठे मंद वाहक. पोलादाशी तुलना केली तर दीडशे-दोनशे पट मंद. ३ मिलिमीटर जाडीच्या थरातून उष्णता आरपार जावयाला अंदाजे दीड मिनिट लागते. आणि आमच्या यंत्रात रस तो उथळ भाग वीस सेकंदांत ओलांडून जातो. तेव्हा बाहेरचे तापक पेटवून आतला माल सारखा तापवू, ही समजूत चुकीची आहे. बरीचशी उष्णता मोटारीकडूनच येते. तळहात एकमेकांवर घासले की तापतात, तसा रस स्वतःशीच घासून तापतो. ही उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर एवढ्या प्रवासात रसाचे तापमान चाळीस-पन्नास अंशांनी चढू शकेल.

आता पेच कसा पडला पाहा. रसाचा वेग त्याच्या दाटपणावर अवलंबून. दाटपणा तापमानावर आणि वेगावर अवलंबून. तापमान पुन्हा घासण्यावर, म्हणजे वेगावर आणि दाटपणावर अवलंबून. एकाचे उत्तर दुसऱ्याजवळ, दुसऱ्याचे तिसऱ्याजवळ आणि तिसऱ्याचे पुन्हा पहिल्याजवळ. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलेल्या अर्जदारासारखी गणिताची स्थिती होते. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग एकच. प्रथम एक अंदाज धरावयाचा, त्यावरून बाकीचे काढावयाचे, त्यावरून पहिला अंदाज सुधारावयाचा, आणि सुधारणा नगण्य होईपर्यंत हे करीत राहावयाचे. माणूस यात थकतो. संगणक थकत नाही. म्हणून संगणक हवा.

संगणकात चराचे चित्र काढून त्याचे हजारो, प्रसंगी लाखो बारीक तुकडे पाडतात, जणू गव्हाच्या शेतात वाफे आखले. प्रत्येक तुकड्याला तीनच नियम लावतात. जितका माल आत आला तितकाच बाहेर गेला पाहिजे. त्यावरील जोर एकमेकांना तोलले पाहिजेत. आणि उष्णतेचा जमाखर्च जुळला पाहिजे. सारे जुळले की कोठे किती दाब, किती तापमान, किती वेग, याचा नकाशा हाती येतो. मग त्या नकाशात हजारो काल्पनिक कण सोडून त्यांचा प्रवास पाहता येतो. बहुतेक कण मिनिटभरात बाहेर पडतात. काही कोपऱ्यात घुटमळत राहतात. हे घुटमळणारे कणच घात करतात. पीव्हीसी अशा ठिकाणी अधिक वेळ तापत राहिले तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, माल जळतो, आणि नळाच्या भिंतीत काळे ठिपके येतात. तो नळ दुकानात चांगला दिसेल. दाबाखाली आधी फुटेल तो त्याच जागी. कडक पीव्हीसीचे नळ बहुधा दोन मळसूत्रांच्या यंत्रात काढतात. तेथे दोन्ही मळसूत्रे एकमेकांत गुंतून फिरत असल्यामुळे चराचा आकार क्षणोक्षणी बदलतो, आणि संगणकालाही घाम फुटतो.

ज्यांनी उघडून पाहिले

पण श्रोतेहो, येथे एक गोष्ट सांगितली नाही तर आमचे व्याख्यान अर्धवट राहील. दाणे वितळतात कसे, हे संगणकाने शोधून काढलेले नाही.

तर्काने पाहता कोणीही म्हणेल की, दाणे पुढे जाता जाता सगळीकडून थोडे थोडे मऊ होत असतील, कढईतल्या गुळासारखे. अमेरिकेतील मॅडॉक यांनी तर्कावर न विसंबता पाहावयाचे ठरवले. त्यांच्या प्रयोगाचा वृत्तांत १९५९ साली प्रसिद्ध झाला. साध्या दाण्यांत थोडे रंगीत दाणे मिसळावयाचे. यंत्र एका लयीत चालू असता मळसूत्र एकदम थांबवावयाचे. नळकांडे थंड करून आतला माल होता त्या स्थितीत गोठवावयाचा. मग मळसूत्र बाहेर काढून त्यावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी उलगडावयाची आणि तिचे आडवे काप घेऊन पाहावयाचे.

कापांत जे दिसले ते कढईतल्या गुळासारखे नव्हते. घट्ट दाण्यांचा एक गठ्ठा चराच्या एका बाजूला तसाच उभा होता. भिंतीलगत त्याचा पातळ पापुद्रा तेवढा वितळत होता, आणि पुढे रेटणारा आटा तो पापुद्रा उलथन्याने खरवडावा तसा खरवडून आपल्यापुढे रसाचे तळे साठवीत होता. पुढच्या प्रत्येक कापात तळे रुंद आणि गठ्ठा अरुंद होत गेलेला. १९६६ साली झेहेव ताडमोर यांनी या चित्राला गणिताचे रूप दिले, आणि गठ्ठा कोठे संपेल हे आधी सांगता येऊ लागले. १९७० साली इम्रिख क्लाइन यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाणे, वितळण आणि रस असे तिन्ही टप्पे एकत्र जोडून चाड्यापासून साच्यापर्यंतचे गणित संगणकावर करण्याची वाट येथूनच मोकळी झाली.

यातील क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोणीतरी मळसूत्र उघडून पाहिले, मग गणित झाले, आणि मग संगणकाने ते भराभर केले. मॅडॉक यांनी काप घेतले नसते, तर आजच्या संगणकाने कढईतल्या गुळाचेच गणित अतिशय अचूकपणे, सात दशांश स्थळांपर्यंत, सोडवून दिले असते. आणि ते साफ चुकीचे असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही काळी नळी काढणारा एक छोटा कारखाना पाहावयास गेलो होतो. यंत्रावरचे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांची नजर साच्यावर नव्हती, मोटारीच्या विजेच्या काट्यावर होती. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, काटा झुलायला लागला की समजायचं, आत काहीतरी बिनसलंय. मागाहून नळी जाड-बारीक येतेच." पुस्तकात हीच गोष्ट निराळ्या शब्दांत आहे. दाण्यांचा गठ्ठा अखंड न राहता मध्येच फुटला, तर माल लाटांनी येतो, आणि ताडमोर यांच्या मूळ गणितात गठ्ठा अखंडच धरलेला आहे.

संगणकावर काढलेले रंगीत नकाशे आम्ही मोठ्या हौसेने बरोबर नेले होते. ते त्यांनी नीट पाहिले, त्यांना ते आवडलेही. मग त्यांनी विचारले, "पावसाळ्यात आमचा काळा मसाला दमट होतो, नळीवर बारीक फोड येतात. ह्याला ते कळतं का?"

नळीला उन्हापासून जपण्यासाठी तीत काजळी मिसळतात, आणि काजळी हवेतील ओल शोषते, ही गोष्ट खरी. आत तापमान चढले की त्या ओलीची वाफ होते. आमच्या नकाशात दाणे कोरडे होते. कारण आम्हीच त्यांना कोरडे धरले होते. "नाही कळत," असे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. "आपण सांगितले तरच कळते."

आज या उत्तराचे महत्त्व वाढले आहे. कारखान्यातून आलेला नवा दाणा एकसारखा असतो. त्याचे गुणधर्म मोजता येतात आणि संगणकाला सांगता येतात. परंतु प्लॅस्टिकच्या कचऱ्याचे करावयाचे काय, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे उभा आहे, आणि त्याच्या उत्तराची वाटही बहुतेक करून या मळसूत्रातूनच जाते. गोळा केलेले प्लॅस्टिक धुऊन, तुकडे करून, पुन्हा वितळवावे लागते. त्या ढिगात आज काय आहे आणि उद्या काय असेल, कोणता तुकडा आधी किती वेळा तापलेला आहे, त्याचे पोलादाशी घर्षण किती, ओल किती, हे कोणी मोजावयाचे? आरंभी नट-बोल्टाच्या वेळी ध्यानात ठेवावयास सांगितलेले ते घर्षण येथे पुन्हा वाटेत उभे राहते. ते तापमानाने, दाबाने, वेगाने, इतकेच काय, नळकांड्याची भिंत किती झिजली आहे यानेही बदलते. येथे अंदाज चुकला तर पुढचे सारे नकाशे सुंदर आणि खोटे ठरतात.

म्हणून संगणक निरुपयोगी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चर किती खोल ठेवावा, माल कोठे घुटमळेल, वीज कोठे वाया जाते, हे तो पोलाद कातण्याआधी सांगतो. दहा मळसूत्रे करून पाहण्याचा खर्च एकदोहोंवर आणतो. पण दिलेल्या माहितीबाहेरचे त्याला काही ठाऊक नसते. कोणी रंगीत नकाशा पुढे ठेवून 'असेच आहे' म्हणू लागला, तर आपण नागरिकांनी त्याला नम्रपणे विचारावे: यात घर्षण किती धरले, ते कोणी मोजले, आणि मळसूत्र उघडून कोणी पाहिले का? नळाचा असो, पुराचा असो, की वाहतुकीचा असो, हा प्रश्न सर्व नकाशांना लागू पडतो.

त्या गृहस्थांनी निघताना आम्हांला चहा पाजला. पुढच्या वेळी आम्ही नकाशे करावयाला बसलो, तेव्हा सर्वांत आधी ओलीचा आकडा मागवला.